इशारा आणि आसरा



३ मे १९९९ रोजी पहाटे अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यासाठी जो हवामानाचा अंदाज प्रसृत झाला, त्यात उग्र वादळांचा धोका 'अल्प' या श्रेणीत नोंदला होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास तो 'मध्यम' झाला आणि दुपारी पावणेचारनंतर 'उच्च'. त्यानंतर सुमारे तासाभरात पहिला टोर्नेडो जमिनीला टेकला. ते अरिष्ट संपेपर्यंत ओक्लाहोमा व कॅन्सस या राज्यांत साठांहून अधिक टोर्नेडो होऊन गेले होते. त्यांपैकी एकट्याने, ब्रिज क्रीकपासून मूर गावावरून ओक्लाहोमा सिटीच्या दिशेने जाताना, ३६ माणसांचा बळी घेतला. त्याच्या वाऱ्याचा वेग फिरत्या रडारने मोजला, तो ताशी ४८० किलोमीटरच्या घरात भरला.

उपग्रह, रडार आणि प्रचंड संगणक ज्यांच्या दिमतीला होते, त्या तज्ज्ञांना पहाटे हे का दिसले नाही? या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. विज्ञानाचा डांगोरा फुकट आहे, हे एक. आणि आणखी यंत्रे आणली की प्रश्न सुटेल, हे दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळ नव्हे. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते, कित्येक दिवस टिकते आणि उपग्रहातून त्याची वाटचाल पाहता येते. टोर्नेडोची, म्हणजे घूर्णवाती वादळाची रुंदी बहुधा काही शे मीटर आणि आयुष्य काही मिनिटे असते. खालची दमट हवा, वरची थंड व कोरडी हवा आणि उंचीगणिक दिशा व वेग बदलणारे वारे एकत्र आले, की मेघगर्जनेचे वादळ स्वतःभोवती फिरू लागण्याचा संभव असतो. हे घटक जुळत आहेत, इतके आदल्या दिवशीही सांगता येते. परंतु फिरणाऱ्या वादळांपैकी थोडीच टोर्नेडोला जन्म देतात आणि नेमकी कोणती, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच टोर्नेडोचा इशारा सरासरीने दहा-पंधरा मिनिटेच आधी मिळतो आणि अमेरिकेत अशा इशाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के फोल ठरतात.

३ मेच्या दिवशी आकाशात उंचावर विरळ ढगांचे आवरण होते. त्याखाली जमीन पुरेशी तापेल की नाही, याची शंका होती. उंचावरील वेगवान वाऱ्यांचा एक पट्टा संगणकाच्या गणितात नीट उतरला नव्हता. न्यू मेक्सिकोतील वारामापक यंत्राने तो दाखविला, तेव्हा दुपार झाली होती. तज्ज्ञांनी त्या वेळी सकाळच्या अंदाजाला चिकटून राहण्याचा दुराग्रह धरला नाही. त्यांनी तो उघडपणे बदलला आणि सायंकाळी मिनिटामिनिटाला इशारे दिले. हे इशारे नसते, तर त्या एका टोर्नेडोत सहाशेंहून अधिक माणसे दगावली असती, असा हिशेब पुढे अभ्यासकांनी मांडला.

उलट घडल्याचेही उदाहरण आहे. २० मे २०१९ रोजी त्याच राज्यात धोक्याची सर्वोच्च श्रेणी जाहीर झाली आणि ओक्लाहोमा सिटीतील शाळा बंद ठेवण्यात आल्या. पण ज्या महासंकटाची भीती होती, ते शहरावर आले नाही. आणि २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामा व शेजारच्या राज्यांत अंदाज तंतोतंत खरा ठरला. धोक्याची सूचना कित्येक दिवस आधी मिळाली होती. तरीही त्या एका दिवसात तीनशेंहून अधिक माणसे मेली. पहाटेच्या वादळांनी अनेक ठिकाणी वीज तोडली होती. दुपारचे इशारे कित्येकांपर्यंत पोहोचलेच नाहीत.

अंदाज खरा ठरणे आणि माणूस वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते. त्यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते समाजव्यवस्थेचे अंतर आहे.

या अंतराचा एक भाग सत्तेच्या स्वभावातून येतो. अमेरिकेच्या हवामान खात्याने १८८० च्या दशकात 'टोर्नेडो' हा शब्दच अंदाजातून हद्दपार केला. लोक घाबरतील, हे कारण देण्यात आले. ही बंदी १९३८ मध्ये सैल झाली आणि १९५० मध्ये पूर्णपणे उठली. दरम्यान, मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर एक टोर्नेडो अवचित येऊन आदळला. पाचच दिवसांनी तशीच लक्षणे ओळखून अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या लष्करी अधिकाऱ्यांनी दुसऱ्या टोर्नेडोचे भाकीत केले आणि ते खरे ठरले. इतकी वर्षे अज्ञानाच्या जोडीला मौनही होते. जनतेला अनिश्चितता पेलणार नाही, असे राज्यकर्त्यांनी परस्पर ठरविले होते.

अंतराचा दुसरा भाग घराच्या भिंतींत आहे. अमेरिकेत पाया नसलेल्या, गाडीवरून आणून ठेवलेल्या स्वस्त घरांत बहुतांशी कमी उत्पन्नाची कुटुंबे राहतात. एकूण घरांत त्यांचे प्रमाण लहान, पण टोर्नेडोत घरात मरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास. तळघर असलेल्याला पंधरा मिनिटे पुरतात. ज्याला तळघरच नाही, त्याने त्या पंधरा मिनिटांत जायचे कोठे?

आणि हेच बांगलादेशात विचारले तर? २६ एप्रिल १९८९ रोजी माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर व साटुरिया भागावरून गेलेल्या टोर्नेडोने सुमारे १,३०० माणसे मारली, असा अंदाज आहे. सुमारे ८०,००० बेघर झाली. जगातील ज्ञात टोर्नेडोंत हा सर्वांत प्राणघातक मानला जातो. कच्च्या घरांचे उडालेले पत्रे अशा वादळात शस्त्रांसारखे फिरतात. पश्चिम बंगालमध्ये ३१ मार्च २०२४ रोजी जलपाईगुडीच्या मैनागुडी भागात असेच वादळ आले आणि कच्ची घरे क्षणात आडवी झाली. बंगालच्या मैदानाला उन्हाळ्यातील या वादळांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. धोका नवा नाही, निवारा मात्र अजून तोच आहे.

विज्ञानाची मर्यादा मान्य करणे म्हणजे हात टेकणे नव्हे. वादळ कोणत्या गावावर उतरेल, हे सकाळी सांगता येणार नाही. पण कोणत्या वस्तीत ते सर्वाधिक माणसे मारील, हे वर्षभर आधी सांगता येते. त्यासाठी उपग्रह लागत नाही. वस्तीत एक चक्कर पुरते. वेधशाळेकडून प्रामाणिक अंदाज मागावा, तो चुकला तर कारण विचारावे, पण चुकीची कबुली देणाऱ्याला सुळावर चढवू नये. आणि राज्यकर्त्यांकडे मागायचे ते निराळेच: वीज गेल्यावरही पोहोचेल असा इशारा आणि पंधरा मिनिटांच्या वाटेवर एक मजबूत सार्वजनिक खोली. या दोहोंसाठी विज्ञानाच्या पुढच्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.