सीनियर गटात सातवा



तुम्ही आणि तुमचं पदवी प्रमाणपत्र यांच्या मधे आता फक्त माझं भाषण उरलंय, तेव्हा एकाच मुलाबद्दल बोलतो.

युझुरू हान्यू, जपानमधल्या सेंदाई शहरातला फिगर स्केटर. २०१० च्या मार्चमध्ये हेगला तो ज्युनियर विश्वविजेता झाला, तेव्हा जेमतेम १५ वर्षांचा होता. पुढच्याच हंगामात सीनियर गटात उतरला आणि नागोयाला चौथा, मॉस्कोला सातवा आला.

बर्फ तोच, बूट तेच, मग बदललं काय? तेव्हाच्या नियमांप्रमाणे ज्युनियर मुलांचं फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेतलं दुसरं, मोठं सादरीकरण, चार मिनिटांचं असे, सीनियरचं साडेचार. अर्धं मिनिट ऐकायला किरकोळ वाटतं. पण पूर्ण ताकदीने उड्या मारून झाल्यावर, मांड्या भरून आलेल्या असताना आणखी अर्धं मिनिट हसऱ्या चेहऱ्याने काढायचं असतं, आणि या मुलाला लहानपणापासून दमा होता. नागोयात त्याने हवेत चार गिरक्या घेणारी क्वाड टो लूप ही उडी स्पर्धेत पहिल्यांदा नीट उतरवली, तरी पदक हुकलं. परीक्षक नव्या पोराला हात राखून गुण देतात, असं या खेळात उघड बोललं जातं. तुमचे पहिले वरिष्ठ काही वेगळे असतील अशी आशा बाळगू नका.

तैपेईला फेब्रुवारी २०११ मध्ये फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं. गाडी रुळावर आली म्हणेपर्यंत ११ मार्च उजाडला. जपानमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा तो सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता. पायातले स्केट्स न काढताच बाहेर पळाला. पुढचे काही दिवस घरच्यांबरोबर निवारा केंद्रात गेले. रिंक बंद. मग त्याने काय केलं? देशभरातल्या आइस शोमध्ये काम धरलं. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर, स्पॉटलाइटच्या उजेडात, ६० च्या आसपास शो. हाच त्याचा सराव. मला त्याच्या पदकांपेक्षा हे उन्हाळ्याचे महिने मोठे वाटतात.

२०१२ च्या मार्चमध्ये नीसला जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅमनंतर तो पुन्हा सातवा होता. फ्री स्केटमध्ये मधेच, उडी नसताना, सपशेल पडला. उठला आणि लगेच ट्रिपल अ‍ॅक्सेलची जोडउडी मारली. कांस्यपदक. नंतर टोरांटोला प्रशिक्षक ब्रायन ओर्सर यांच्याकडे शिकायला गेला, आणि २०१४ मध्ये सोचीला, १९ व्या वर्षी, ऑलिम्पिक सुवर्ण. तिथेही फ्री स्केटमध्ये पडलाच होता. २०१८ ला पुन्हा सुवर्ण. पुरुष एकेरीत लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं त्याआधी १९४८ आणि १९५२ मध्ये डिक बटनने मिळवली होती.

या सगळ्यात तो वासेदा विद्यापीठाचा विद्यार्थीही होता. पदवी मिळाली २०२० मध्ये, प्रवेश घेतल्यावर सात वर्षांनी. प्रबंधिका स्केटिंगच्या हालचाली संगणकावर टिपण्याविषयी. एटीकेटी घेऊन इथवर आलेल्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

शेवटचा मुद्दा सेंदाईच्या त्या रिंकचा. भूकंपाच्या आधीही ते एकदा पैशांअभावी बंद पडलं होतं. तिथेच शिकलेली शिझुका अराकावा २००६ ला ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आली, तिने ते सुरू करा म्हणून आवाज उठवला आणि २००७ मध्ये दारं उघडली. पुढे हान्यूने आपल्या आत्मचरित्राचं मानधन त्याच रिंकला दिलं. आपल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळांची आणि ग्रंथालयाची अवस्था तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिली आहे. माजी विद्यार्थी संघाचे अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवलेले आहेत. प्रमाणपत्र घेऊन जाताना एक भरून जा.