अपरिग्रहाचे व्रत आणि मठाची मालमत्ता

(उदगीर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या गावाचे नावच एका साधुपुरुषाशी जोडले जाते, तेथे मठ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. 1948 साली निजामी राजवट गेली आणि या बहुभाषिक मुलखातील रयत नागरिक झाली. नागरिकाने संन्यास घेतला, तर त्याचे हक्क संपतात काय? कॅथलिक मठांच्या इतिहासातून या प्रश्नाचा विचार करता येतो.

जुन्या गोव्यातील सांता मोनिका हा धर्मभगिनींचा मठ आर्चबिशप मेनेझिस यांनी 1606 साली स्थापन केला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तेथील व्रते. परंतु प्रवेशासाठी हुंडा लागे. व्यक्ती निष्कांचन, संस्था मात्र इतकी धनवान, की नगरसभेने पोर्तुगालच्या राजाकडे तक्रार केली. 1835 साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातील धर्मसंघ मोडले आणि त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. सांता मोनिकातील नवा प्रवेश थांबला; 1885 साली शेवटची भगिनी निवर्तली.

गोवा 1961 साली मुक्त झाला आणि 1964 साली त्याच वास्तूत धर्मभगिनींसाठी धर्मशास्त्राची शिक्षणसंस्था निघाली. प्रजासत्ताकाने मठ मोडले नाहीत. संविधानाचे 26 वे कलम धर्मसंप्रदायांना मालमत्तेचा अधिकार देते. 25 वे कलम धर्माशी निगडित आर्थिक व्यवहारांचे नियमन करण्याची मुभा शासनास देते.

या तत्त्वाची कसोटी नोव्हेंबर 2024 मध्ये लागली. अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या धर्मभगिनी व धर्मगुरू आपले वेतन संघाला देतात. व्रतामुळे ते त्यांचे नव्हेच, सबब आयकर कापू नये, असा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला.

या निकालाचा अर्थ करवसुलीपुरता नाही. वेतन जर तिचे, तर ती श्रमिक होय. उद्या तिने मठ सोडला, तर आयुष्यभराच्या श्रमाचे काय? चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतील 702 व्या कलमानुसार, संघ सोडणाऱ्यास केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येत नाही. संघाने न्यायबुद्धी व दया दाखवावी, एवढीच अपेक्षा. समाजवाद्यांचा आक्षेप येथे आहे. दया हा हक्काला पर्याय ठरत नाही.

मात्र हेच माप हिंदू मठांना, दर्ग्यांना आणि त्यागाच्या नावाखाली शिक्षकांना तुटपुंज्या वेतनावर राबविणाऱ्या शिक्षणसंस्थांनाही लावले पाहिजे. अन्यथा हा प्रश्न अल्पसंख्याकांविरुद्धचे हत्यार बनेल. कार्यकर्त्यांनी आरंभ आपल्याच तालुक्यातील संस्थांपासून करावा.