अखेरचा गडी

गेल्या थंडीतली गोष्ट. अंधेरीच्या ज्या कॉलेजात मी शिकवतो, तेथल्या मुलांचा क्रिकेटचा सामना होता. आपण हमखास जिंकणार म्हणून मुलांनी आदल्या दिवशीच वडापावची वर्गणी गोळा करून ठेवली होती. जिंकायला चार धावा हव्या असताना आमचा अकरावा गडी धावचीत झाला. आधी ‘हो’ म्हणाला, मग ‘नाही’ म्हणाला, आणि मध्येच उभा राहिला. पोरांनी त्याचे नावच ‘हो-नाही’ ठेवले. पुढचे आठ दिवस तो माझ्या तासाला फिरकला नाही.

मी काही खेळाचा शिक्षक नव्हे. मी शिकवतो अर्थशास्त्र. परंतु हिशेबाशी माझा संबंध येतो, आणि हरलेल्या सामन्याचा हिशेब आपण नेहमी चुकीच्या टोकाकडून मांडतो, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. ‘कच खाल्ली’, ‘हातातोंडाशी आलेला घास घालवला’ असे आपण म्हणतो; आजची मुले ‘चोक केलं’ म्हणतात. शब्द कोणताही घ्या, बोट मात्र शेवटी बाद झालेल्या माणसाकडेच वळलेले असते.

मे १९९१ ची हकीकत सांगतो. मी तेव्हा बोरिवलीला शाळकरी मुलगा होतो. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. वानखेडे मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना होता, मुंबई विरुद्ध हरियाणा. मुंबई म्हणजे कोण? १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षे हा करंडक घरी ठेवणारा संघ! आणि हरियाणाने तोवर तो एकदाही जिंकलेला नव्हता. आमच्या चाळीतले एक काका शेवटच्या दिवशी रजा टाकून मैदानावर गेले होते. रात्री ते चर्चगेटहून लोकलने परतले, तेव्हा आम्ही पोरे जिन्यातच वाट पाहत बसलो होतो. काका पायरीवर टेकले, चपला काढल्या आणि एवढेच म्हणाले, ‘‘तीन रन रे. तीन रन कमी पडले.’’

झाले होते असे. मुंबईला जिंकायला ३५५ धावा हव्या होत्या आणि ३४ धावांत तीन गडी तंबूत परतले. तिथून दिलीप वेंगसरकर आणि नुकताच अठरा वर्षांचा झालेला सचिन तेंडुलकर यांनी डाव उचलला. सचिनने ७५ चेंडूंत ९६ धावा केल्या. तो गेला, विनोद कांबळीही ४५ करून गेला, आणि मग एकेक करीत सगळेच निघाले. नववा गडी बाद झाला तेव्हा आणखी ५० धावा हव्या होत्या. अकराव्या क्रमांकावर आला अ‍ॅबी कुरुविला, उंचापुरा वेगवान गोलंदाज. फलंदाज म्हणून त्याच्याकडून कोणी काही मागावे असा नव्हे. वेंगसरकरच्या पायांत गोळे आले होते आणि त्याच्यासाठी पळायला लालचंद राजपूत उतरला होता. म्हणजे खेळणारे दोन आणि पळणारा तिसरा! या जोडीने ५० पैकी ४७ धावा काढल्या. उरल्या तीन. आणि एका धावेच्या घोटाळ्यात अमरजित केपीची फेक आली नि कुरुविला धावचीत झाला. दोन धावांनी हार. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिला आणि मैदानातच त्याला रडू कोसळले. कपिल देवच्या हरियाणाने करंडक नेला.

आमच्या जिन्यात त्या रात्री पुढचे कितीतरी दिवस पुरेल एवढी चर्चा झाली. ‘कुरुविलाने पळायला हवे होते’, ‘राजपूतने हाकच द्यायला नको होती’. मीही त्यात होतो, अगदी हिरिरीने होतो.

आता, वाचकहो, जरा कागद-पेन्सिल घ्या. हरियाणाचा पहिला डाव ५२२. त्यात एकट्या दीपक शर्माच्या १९९. मुंबईचा पहिला डाव ४१०. म्हणजे ११२ धावांची तूट सामना निम्मा होण्याआधीच खात्यावर चढली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक हरियाणाचाच होता. ही तूट कोणी केली? कुरुविलाने एकट्याने नव्हे. शेवटच्या दिवशीच्या ३४ वर तीन कोणी केले? ज्यांच्या नावावर गर्दी जमते त्यांनी. पण पहिल्या दिवशी गेलेल्या धावेचा आवाज होत नाही. शेवटच्या दिवशी गेलेली धाव सबंध गावाला ऐकू जाते.

तुम्ही म्हणाल, शेवटच्या क्षणी डोके थंड ठेवणे हाच तर कस. कबूल. पण १९७४ साल आठवून पाहा. त्या वर्षी बंगलोरला उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईची ती १५ वर्षांची मालिका तोडली. लोकांच्या स्मरणात राहिले ते काय? अजित वाडेकर पळताना घसरून पडला आणि धावचीत झाला! खुद्द कर्णधार. त्या सामन्यात विश्वनाथने १६२ आणि ब्रिजेश पटेलने १०६ धावा केल्या होत्या, प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला होता. ३८५ ला मुंबईचे उत्तर ३०७. या ७८ धावांचा दोष एका निसटलेल्या पायावर कसा टाकायचा? पुढे जूनमध्ये लॉर्ड्सवर त्याच वाडेकरच्या हाताखाली भारत ४२ धावांत गडगडला. त्यात मात्र घसरण्याबिसरण्याची सबब नव्हती. एकनाथ सोलकर १८ वर नाबाद राहिला, बाकीच्या नावांपुढचे आकडे वाचवत नाहीत. याला मी खुशाल पडझड म्हणेन.

आणि कुरुविलाचे पुढे काय झाले, ते आमच्या जिन्यात बसून कोणी कधी विचारले नाही. १९९७ च्या मार्चमध्ये तो भारताकडून बार्बाडोसला खेळत होता. दुसऱ्या डावात त्याने ६८ धावांत ५ बळी घेतले नि वेस्ट इंडीजला १४० वर गुंडाळायला मोठा हातभार लावला. भारताला जिंकायला हव्या होत्या अवघ्या १२०. कर्णधार सचिन, संघात द्रविड, अझरुद्दीन, लक्ष्मण. सगळे मिळून ८१! एकट्या लक्ष्मणला दोन आकडी धावसंख्या गाठता आली, तीही १९. ज्याला सहा वर्षांपूर्वी आम्ही ‘पळायला हवे होते’ म्हणून शिकवत होतो, त्याने आपले काम चोख केले होते. मोडले ते वरचे वासे.

नवव्या दिवशी मी त्या मुलाला बोलावून घेतले. उपदेश करायचा नाही असे ठरवले होते. १९९१ चा धावफलक एका कागदावर उतरवून त्याच्यापुढे ठेवला आणि चहा मागवला. तो बराच वेळ वरून खालपर्यंत वाचत राहिला. मग त्याने विचारले, ‘‘सर, शेवटच्या जोडीने किती केले म्हणालात?’’

‘‘४७.’’

‘‘आम्ही अकरा केले होते,’’ तो म्हणाला. ‘‘ते कुणी मोजलेच नाहीत.’’

मी आमच्या सामन्याची वही मागवली. खरेच, शेवटच्या जोडीच्या ११ धावा होत्या. वरच्या चौघांनी मिळून ९ केल्या होत्या. त्यांतल्याच एकाने त्याचे ‘हो-नाही’ असे बारसे केले होते. तो कागद मुलाने घडी घालून खिशात टाकला आणि विचारले, ‘‘सर, हा त्याला दाखवू?’’

मी म्हटले, ‘‘चहा तर पी आधी.’’