हायडनचा निरोप आणि मंडईची रात्र

भाऊबीज झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. हलका धान घरी आलेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात. दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ, रात्री आमच्या झाडीपट्टी भागाचं नाटक. अंगावर चादर घेऊन माणसं दाटीवाटीनं बसतात. ऑर्गनवर सूर लागतो, पहाटेकडे मायलेकीच्या ताटातुटीचा प्रवेश येतो आणि माझ्या पुढच्या रांगेतली म्हातारी पदरानं डोळे पुसू लागते.

‘फार भडक असतं तुमचं झाडीपट्टीचं नाटक,’ असं शहरात ऐकावं लागतं. तेव्हा मला जोसेफ हायडन आठवतो. १७७२ साली हा संगीतकार हंगेरीत एस्टरहाझी सरदाराच्या पदरी होता. सरदाराचा उन्हाळी वाड्यावरचा मुक्काम लांबत गेला. वादकांची बायकामुलं दूर, आणि रजेचं नाव नाही. हायडननं पंचेचाळिसावी सिंफनी लिहिली. तिची सुरुवातच खवळलेली आहे. शेवटच्या भागात मात्र ते वादळ मध्येच थांबतं आणि संथ सुरावट सुरू होते. एकेक वादक आपला भाग संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो, उठून जातो. उरतात दोन व्हायोलिनं, अगदी हळू वाजणारी. सरदार काय ते समजला. दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलला म्हणतात.

पुढच्याच वर्षी सतरा वर्षांच्या मोझार्टनं जी मायनरमध्ये अशीच अस्वस्थ सिंफनी रचली. या शैलीला पुढे जे ‘वादळ आणि आवेग’ नाव पडलं, तेही क्लिंगर या लेखकाच्या १७७६च्या नाटकाचं. भावनेचा पूर तिथंही नाटकानं लाजिरवाणा मानला नव्हता.

हायडनच्या सिंफनी हातानं नकलून मठामठांत, दरबारांत गेल्या, म्हणून टिकल्या. आपलं नाटक कागदावर कमी आणि माणसांत जास्त. वडसा इथल्या नाटक मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत घरदार सोडून फिरतात; गावची समिती प्रयोग ठरवते, तिकिटं खपवते. कोरोनाच्या साथीत पडदे बंद झाले, तेव्हा काळजानं ठाव सोडला होता. पण मंडई पुन्हा भरली.

अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात मी प्रयोग संपल्यावरही थांबलो होतो. उजाडत होतं. पडदे गुंडाळून गाडीत गेले, नट निघाले, तबलजी निघाला. ऑर्गनवाला एकटाच बसून होता. त्यानं भाता मिटला, पेटीवर कापड टाकलं आणि विचारलं, ‘आजचं गाव किती लांब आहे, भाऊ?’