आवक फार, जावक थोडी

(वसंतातील एका व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मघाशी आत येताना एका गृहस्थांनी फलकावरचा विषय वाचून मला अडवलं. "ई-मेलवर कसलं हो व्याख्यान? नको असेल ते पुसायचं, झालं!" मी विचारलं, तुमच्याकडे न वाचलेले किती आहेत? त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला, पाहिलं आणि फोन परत खिशात ठेवला. आकडा काही सांगितला नाही. ते इथेच कुठेतरी बसलेत, म्हणून आधी माझा सांगतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो त्या संध्याकाळी माझ्या इनबॉक्समध्ये न वाचलेले 11,462 मेल होते. आणि मी टपाल हाताळण्यातच हयात घालवलेला माणूस!

नोकरीची पहिली सहा वर्षं एका सरकारी कचेरीत गेली, बारनिशीत. तरुण मंडळींना हा शब्द नवा असेल. बारनिशी म्हणजे आवक-जावक टपालाची शाखा. पोस्टमन गठ्ठा ठेवून जायचा. पाकिटं फोडायची, प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, नोंदवहीत आवक क्रमांक घालून पुढे एका ओळीत विषय लिहायचा. मग गठ्ठा साहेबांपुढे. साहेब कोपऱ्यात ज्या त्या शाखेचं नाव टाकत. त्याला 'मार्क करणं' म्हणत. कागद टेबलावर पोचला की त्या कारकुनाची वहीत सही. म्हणजे पत्र लिहिणारा आणि त्यावर काम करणारा यांच्यामध्ये दोन-तीन माणसं उभी असत. जाहिराती, निनावी अर्ज, भलत्याच खात्याची पत्रं, यातलं बरंचसं ती वरच्यावर झेलत.

पुढे मी एका खासगी कंपनीत गेलो. संगणक आले, बारनिशी गेली. तिचं काम मात्र कुठे गेलं नाही, ते सगळ्यांत वाटलं गेलं. अभियंता असो, हिशेबनीस असो, जो तो स्वतःचा आवक कारकून झाला. आणि या कामाला लागणारा तास कुणाच्याच वेळापत्रकात धरला गेला नाही. माझी आजची तक्रार एवढीच आहे. बाकी सगळं तिचंच विवरण.

आता 'सीसी' घ्या. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरमध्ये कार्बन घालून चार प्रती बऱ्या निघत, पाचवी पुसट यायची. त्यामुळे पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून पाच-सात नावं आली की आमच्या टंकलेखिका बाई तिथूनच विचारत, "साहेब, यांना कशाला प्रत?" साहेब दोन नावं खोडत. आज तो प्रश्न विचारायला बाई नाहीत, आणि पाचवी प्रतच काय, पाचशेवी प्रतही पुसट येत नाही. पाठवणाऱ्याला फुकट, भार सगळा घेणाऱ्यावर. मे 1978 मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना संगणकाची जाहिरात एकदम पाठवली. लोक भडकले, पण वाट सापडली ती सापडलीच. नोव्हेंबर 2016 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत चाचणीचा एक मेल चुकून सुमारे 8 लाख 40 हजार जणांना गेला. तेवढ्यावर भागलं असतं. पण "मला या यादीतून काढा" असं उत्तर लोकांनी सगळ्यांनाच पाठवलं, आणि यंत्रणा कण्हू लागली.

आपल्याकडे सीसीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे भीती. उद्या काही बिघडलं तर "मी तुम्हाला मेल टाकला होता" असं म्हणता यावं. 'टाकला' हे क्रियापद बघा. पत्रही आपण टाकत होतो, पण पेटीत. मेल दुसऱ्याच्या डोक्यावर टाकतात, आणि टाकणाऱ्याचं काम तिथे संपतं.

मला हे चांगलंच महागात पडलं. आमच्या कंपनीने एक निविदा भरायची होती. मुदत दोन दिवस अलीकडे आणल्याचा मेल दुपारी आला. त्याच दुपारी कुणाचा तरी वाढदिवस होता आणि एकतीस जणांनी शुभेच्छा 'रिप्लाय ऑल' करून दिल्या होत्या. मुदतीचा मेल त्या केकखाली गाडला गेला. निविदा हुकली. चौकशीत पहिलं वाक्य ऐकलं ते हेच, "मेल टाकला होता की!"

त्या रात्री मला आमचे जुने अव्वल कारकून आठवले. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या दप्तराची जी घडी बसवली ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. कारकुनाच्या टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायची पद्धत आम्ही तेव्हा या अव्वल कारकुनांकडूनच शिकलो. कार्यवाही करायची प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेखागारात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे कागद. सातवा गठ्ठा नाही. 'नंतर बघू' नावाचा गठ्ठा तर अजिबातच नाही.

मी हे इनबॉक्सला लावून पाहिलं. यात सगळ्यात उपयोगी पडतो तो 'प्रतीक्षाधीन'चा गठ्ठा. आपल्या मनावरचं निम्मं ओझं आपण करायच्या कामाचं नसतंच, दुसऱ्याकडून काय यायचंय त्याचं असतं. मी विचारलंय, उत्तर आलेलं नाही, असे मेल वेगळे काढले आणि दर सोमवारी तेवढेच चाळून स्मरणपत्रं धाडली, तर रात्री दोनला 'अरे, त्याचं काय झालं' म्हणून जाग येत नाही. नियतकालिकं म्हणजे ठरल्या तारखेचे अहवाल. ते मेलमध्ये शोधायचेच नाहीत, दिनदर्शिकेत मांडायचे. नष्ट करायच्या कागदांबद्दल सांगायचं तर सरकारी दप्तरात 'ड' वर्गाचा कागद वर्षभर ठेवून नष्ट करतात. आपण मात्र 2011 सालच्या चहापानाचं निमंत्रण अजून जपून ठेवलेलं असतं.

अभिलेखागाराबाबत मला माझं मत बदलावं लागलं. माझे त्रेसष्ट फोल्डर होते, फोल्डरात फोल्डर, अभिमान वाटावा अशी उतरंड. 2011 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी 345 जणांच्या मेलचा अभ्यास केला. नीट फोल्डर लावणाऱ्यांना जुना मेल सापडायला शोधपट्टी वापरणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागत होता, आणि यशही काही अधिक मिळत नव्हतं. कागदाला कपाट लागतं कारण कागदाला हाक मारता येत नाही, मेलला येते. त्रेसष्टचे मी दोन केले.

आणखी एक प्रयोग सांगतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 124 जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात हवं तितक्या वेळा. तीनदा बघायच्या आठवड्यात ताण कमी निघाला. हे 2015 साली प्रसिद्ध झालं. आम्ही बारनिशीत काही वेगळं करत नव्हतो. टपाल सकाळी यायचं, फार तर दुपारी आणखी एकदा. दर तीन मिनिटांनी फाटकाशी जाऊन "आलं का काही?" असं विचारणारा कारकून असता तर त्याला आम्ही दवाखान्यात नेलं असतं.

तुम्ही म्हणाल, साहेबांचा मेल रात्री अकराला येतो, त्याला तीनदा-चारदाचं काय ठाऊक? खरं आहे. हे एकट्याने सुटत नाही. जर्मनीत डाइमलर कंपनीने 2014 मध्ये सोय केली, की कर्मचारी रजेवर असेल तर त्याला आलेला मेल परस्पर पुसला जाईल आणि पाठवणाऱ्याला दुसऱ्या माणसाचं नाव कळेल. रजेवरून परतलं की इनबॉक्स रिकामा! आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं. आणि सरकारी फायलीला तर महाराष्ट्रात 2005 चा कायदाच आहे. सामान्यतः एका कर्मचाऱ्याकडे ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. तो कितपत पाळला जातो हे तुम्ही कचेरीत गेलात की कळतंच. पण निदान मुदत लिहिलेली आहे. मेलला ती कुणी लिहिलेलीच नाही, म्हणून प्रत्येक मेल आत्ता, ताबडतोब मागतो.

जुन्या मराठी पत्रांत शेवटी 'बहुत काय लिहिणे' अशी ओळ असे. ती ओळ मी मेलच्या पहिल्या वाक्याआधी मनात म्हणतो. पुष्कळदा मग मेल लिहावाच लागत नाही, उठून शेजारच्या टेबलाशी गेलं की काम होतं.

वेळ झाली. प्रश्नांच्या चिठ्ठ्या कार्यकर्त्यांनी गोळा करून अध्यक्षांकडे दिल्या आहेत, आणि ते मगापासून त्यांचे दोन गठ्ठे लावताना मला इथून दिसताहेत. डावीकडचा बराच उंच आहे. उजवीकडच्या चार चिठ्ठ्या तेवढ्या माझ्याकडे द्या.