विष ओळखणारा प्रकाश

यवतमाळ जिल्ह्यांतील राळेगांव हा कापसाचा तालुका. पऱ्हाटीला पात्या-फुलें धरूं लागलीं कीं शेतमजुराच्या पाठीवर फवारणीचा पंप चढतो. सन २०१७ च्या पावसाळ्याअखेर या जिल्ह्यांत पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. औषधाचा फवारा खालीं न पडतां थेट तोंडावर येई. त्या हंगामांत जिल्ह्यांतील विसांहून अधिक माणसें दगावलीं आणि शेकडों मजुरांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत व अन्यत्र दाखल व्हावें लागलें.

अशा रोग्यापुढें उभ्या राहिलेल्या डॉक्टराचा पहिला प्रश्न असतो, शरीरांत गेलेलें विष कोणतें? मजुराला नांव ठाऊक असतेंच असें नाहीं. कित्येकदां एकाच पंपांत दोन-तीन औषधें कालविलेलीं असतात. उत्तर रक्तांतच शोधावें लागतें.

मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोंचविण्याचें काम ॲसेटिलकोलीन नांवाचें द्रव्य करतें. निरोप पोंचला कीं कोलिनेस्टरेज हें विकर त्या द्रव्याचा तात्काळ निकाल लावतें. मोनोक्रोटोफॉससारखीं फॉस्फरसयुक्त विषें या विकरालाच जखडून टाकतात. मग निरोप थांबत नाहीं. घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो.

येथें प्रकाश कामीं येतो. कोयनेलच्या द्रावणावर अदृश्य जंबुपार किरण पडले असतां निळसर प्रभा फांकते. जॉर्ज स्टोक्स यानें १८५२ मध्यें या चमत्काराचा अभ्यास करून त्याला 'फ्लुओरेसन्स' हें नांव दिलें. मराठींत त्याला प्रतिदीप्ति म्हणतात. तिच्या आधारें चालणाऱ्या जैवसंवेदकांत, रक्ताच्या थेंबाशीं असें द्रव्य मिळवितात कीं विकरानें तें फोडलें म्हणजे दीप्तिमान पदार्थ तयार होतो. विकर शाबूत असल्यास नमुना उजळतो. विषानें जखडलेलें असल्यास मंद राहतो. अंधार हीच येथें धोक्याची खूण! अफू वा कोकेन यांचा मूत्रांत किंवा लाळेंत शोध घेणारे कित्येक संवेदकही याच प्रभेवर चालतात. मात्र तेथें विकराऐवजीं बहुधा प्रतिपिंडें नेमकें द्रव्य पकडतात.

तथापि या कसोटीला मर्यादा आहेत. निरोगी माणसांतही विकराचें प्रमाण कमीअधिक असतें. म्हणून फवारणीपूर्वीं एकदां रक्त तपासून नोंद ठेविली असेल, तर नंतरच्या आंकड्याचा अर्थ नीट लागतो. दुसरें असें कीं, २०१७ मध्यें फवारलेल्या औषधांपैकीं डायफेन्थ्युरॉन हें या जातीचें नव्हे. तें या कसोटीला सांपडत नाहीं, व त्यावर विशिष्ट उतारा नाहीं. तेव्हां नमुना उजळला म्हणजे रोगी निर्धोक, असें समजणें घातक होय.

लक्षणें उघड दिसत असतां ॲट्रोपीन देण्यासाठीं तपासणीची वाट पाहावयाची नसते. विष व विकर यांची गांठ काळ लोटतो तशी पक्की होते. मग प्रालिडॉक्झिम हा उतारा निरुपयोगी ठरतो. म्हणूनच प्रयोगशाळा जितकी दूर, तितकी गांवांतच करतां येणाऱ्या कसोटीची किंमत अधिक. हंगामापूर्वीं घेतलेला रक्ताचा एक थेंब मजुराला वेळींच शेताबाहेर काढूं शकेल. मात्र तोंडावरचा फवारा कोणताही प्रकाश अडवूं शकत नाहीं. त्यासाठीं मुखपट्टी, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा पाहून चालणेंच हवें.