शिकाऊ हाताखालची नकली कातडी



आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतले कारकून. अशा माणसाने कातडी, मांस आणि त्यांची नक्कल करणारे कृत्रिम पदार्थ यांवर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु या विषयात एक प्रश्न असा आहे, की तो विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. नवशिक्या डॉक्टरचा, नवशिक्या परिचारिकेचा हात प्रथम कोणाच्या शरीरावर चालतो? बँकेत नवा माणूस कॅशवर बसला आणि संध्याकाळी रोकड कमी आली, तर तो ती खिशातून भरून देतो. चुकलेली सुई अशी भरून देता येत नाही.

आपल्याकडे शिकणारे शिकतात ते बहुतांशी सरकारी रुग्णालयांच्या जनरल वॉर्डात. त्या वॉर्डात खाटेवर कोण असते, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. तेथे राबणाऱ्या डॉक्टरांविषयी आमच्या मनात आदरच आहे. व्यवस्था मात्र जुनी आहे. १८३२ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहांत मेलेल्या, कोणी ताब्यात न घेतलेल्या माणसांची प्रेते विच्छेदनासाठी देता येऊ लागली. आपल्याकडच्या १९४९ च्या मुंबईच्या कायद्यातही बेवारस मृतदेहांची तरतूद आहे. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्यावर विद्या शिकायची! म्हणून नकली मांस ही केवळ कारखान्यातली करामत आहे असे आम्ही मानत नाही.

ही कल्पना मात्र नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिकाऊ शल्यवैद्याच्या सरावासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. टाके घालण्याचा जाड कापडावर व मऊ चामड्यावर. पट्टी बांधण्याचा माणसाच्या पुतळ्यावर. यातली खरी हुशारी अशी, की प्रत्येक कामाला पदार्थ वेगळा. कापताना कोहळा मांसासारखा वागतो, पण त्यावर टाका घातला तर दोरा फाडून बाहेर येईल. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे या सुईणीने कापड, चामडे आणि भरण वापरून बाळंतिणीचे धड व बाळ तयार केले आणि राजाच्या परवानगीने गावोगाव फिरून खेड्यातल्या बायकांना बाळंतपण शिकवले. आणि इंजेक्शन शिकण्यासाठी वापरात असलेले संत्रे तर सर्वांना ठाऊक आहे. नागपूरकरांनी याचा अभिमान धरायला हरकत नाही.

आता विद्यार्थी मित्रांनी एक प्रयोग येथेच करावा. डाव्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून हळूच ओढा. आधी ती सहज येते. मग एकाएकी अडते, पुढे येतच नाही. साध्या रबराचे तसे नाही. ते पहिल्यापासूनच ओढीला विरोध करते. कातडीत कोलॅजनचे मजबूत धागे असतात, पण ते सैल लोकरीसारखे नागमोडी पडलेले असतात. आरंभीच्या ओढीने ते फक्त सरळ होतात. सरळ झाले की सगळा भार त्यांच्यावर येतो. इलॅस्टिन नावाचे दुसरे धागे कातडीला पुन्हा जागेवर आणतात. शिवाय मांसाला वेळेचे भान असते. सुजलेल्या पायावर बोट दाबा, खळगा हळूहळू भरतो. हळू दाबले तर मांस वाट देते, झटक्याने दाबले तर ताठ राहते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे पाणी. मांसाचा बराचसा भाग पाणीच असतो, तरी ते ओघळून जात नाही.

पोलादाच्या तोडीचा दुसरा ताठ पदार्थ शोधणे त्या मानाने सोपे. मऊपणाची नक्कल मात्र भल्याभल्यांना दमवते. सिलिकोन रबरात सिलिकोनचे तेल मिसळून ते हवे तेवढे मऊ करता येते, टिकतेही वर्षानुवर्षे. पण त्यात पाणी नाही, त्यामुळे सुई आत जाताना खऱ्यापेक्षा वेगळी अडते. जिलेटिनमध्ये पाणी भरपूर, पण ते उन्हात वितळते आणि चार दिवसांत नासते. बंदुकीच्या गोळीने जखम कशी होते हे तपासण्यासाठी वापरतात ते जिलेटिनच: दहा टक्के, चार अंश सेल्सियसला थंड केलेले. टाके शिकण्याच्या गादीत सिलिकोनच्या थरांमध्ये जाळीचे कापड घालतात, म्हणजे दोरा मांस फाडत नाही. सुश्रुताचे जाड कापडच ते, दुसरे काय!

आम्हाला सर्वांत मौज वाटली ती पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची. हा गोंदातही वापरला जाणारा पदार्थ. तो पाण्यात विरघळवायचा, गोठवायचा आणि पुन्हा वितळू द्यायचा. गोठताना बर्फाचे स्फटिक त्याच्या लांब साखळ्या एकमेकींजवळ दाबतात, तेथे गाठी पडतात आणि बर्फ वितळला तरी त्या सुटत नाहीत. एक-दोन फेऱ्यांत मेंदूसारखी लिबलिबीत खळ होते. फेऱ्या वाढवाव्यात तसतशी ती रक्तवाहिनीच्या भिंतीसारखी चिवट होत जाते. पदार्थ एकच, पण त्यातून निरनिराळे अवयव!

तोंडाने श्वास देण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. पीटर सफार यांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे सिद्ध केली, ती जिवंत स्वयंसेवकांना औषधाने निश्चल करून. शिकवायला मात्र रोज अशी माणसे कोठून आणणार? नॉर्वेचे ऑस्मुंड लेर्डाल हे खेळण्यांचे कारखानदार. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या करण्याचा त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी १९६० साली माणसाएवढी ‘ॲन’ तयार केली. पुढे तिच्या छातीत स्प्रिंग आली. खऱ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर दाबावी लागते आणि त्याला किती जोर लागतो, हे पुस्तक वाचून कळत नाही. या ॲनचा चेहरा पॅरिसच्या एका अनामिक तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला आहे. ती सीन नदीत बुडाली होती, अशी आख्यायिका आहे. म्हणजे येथेही बेवारसच!

या पुतळ्यांविषयी आमची तक्रारही आहे. ते बहुतेक गोरे असतात आणि छाती पुरुषाची. ऑक्सिजन कमी पडल्याने येणारा निळेपणा, पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची पहिली लाली ही लक्षणे सावळ्या कातडीवर वेगळी दिसतात. गोऱ्या पुतळ्यावर शिकलेली नजर सावळ्या रुग्णावर अडखळते. सार्वजनिक जागी कोसळलेल्या बाईची छाती दाबायला लोक पुरुषापेक्षा कमी वेळा पुढे येतात, असे अमेरिकेतल्या पाहणीत आढळले आहे. सराव बाईच्या पुतळ्यावर झाला असता तर हात इतका कचरला नसता, असे आम्हास वाटते. सिलिकोनमध्ये कोणताही रंग मिसळता येतो. त्याला खर्च तो किती?

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक झाली, ही समाधानाची गोष्ट. तरी पुतळ्यावर हात बसला म्हणजे विद्या पुरी झाली असे नव्हे. पुतळा कण्हत नाही, घाबरत नाही, हात मागे घेत नाही. अखेर जिवंत माणसापाशी जावेच लागते, पण पहिल्या दहा चुका तरी रबरावर व्हाव्यात. आपल्या वस्तीतल्या ज्या मुली नर्सिंगला आणि जी मुले मेडिकलला जाणार आहेत, त्यांनी प्रवेशाच्या वेळी वसतिगृहाची चौकशी करताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: सरावाचे पुतळे चालू स्थितीत किती आहेत, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते.